जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: बदलण्याआधी कसा तपासायचा

चेक इंजिनचा दिवा लागला, ॲव्हरेज पडलं आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो सेन्सर बदलण्याचा. नवा सेन्सर बसतो, दिवा विझवला जातो आणि थोड्याच दिवसांत तोच कोड परत येतो. कारण कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी त्याचा अर्थ एवढाच असतो, की सेन्सरकडून आलेला आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पटला नाही. आकडा चुकीचा आहे, की आकडा खरा असून बिघाड इंजिनातच आहे, हे कोड सांगत नाही. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देता येत नाही, तसंच हे आहे. सेन्सर खरं बोलतो आहे का, ते आधी तपासायचं. साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन बारीक टाचण्या आणि तासभर वेळ यांत हे काम घरी होतं.

खालची पद्धत साधारण २००० ते २०१५ मधल्या पेट्रोल एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांसाठी आहे: वॅगन आर, ऑल्टो, झेन, सँट्रो, स्विफ्ट, इंडिका झेटा, पालिओ, जुनी होंडा सिटी. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला यातलं काही लागू नाही. सेन्सरला पाच किंवा सहा वायर असतील तर तो वाइडबँड प्रकारचा आहे, त्याची तपासणी वेगळी असते आणि इथले व्होल्टचे आकडे त्याला लावू नयेत.

पुण्याच्या गाड्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुण्यात धुराच्या प्रदूषणाचे बीएस-३ निकष एप्रिल २००५ मध्ये आणि बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये आले, देशाच्या बऱ्याच भागांच्या आधी. बीएस-४ आधी लागू झालेल्या शहरांच्या २०१० च्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. त्यामुळे २०१० ते २०१६ या काळातली एकाच मॉडेलची एमएच-१२ आणि दुसऱ्या जिल्ह्यातली गाडी यांची इंजिन वरून सारखी दिसली तरी सेन्सर वेगळा असू शकतो. बाहेरच्या पासिंगची जुनी गाडी घेतली असेल तर पार्ट नंबर सेन्सरच्या अंगावरून वाचा, मॉडेल आणि वर्ष सांगून मागवू नका.

सेन्सर काय मोजतो

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) किंवा त्याच्या लगेच खालच्या पाइपवर हा सेन्सर आटे फिरवून बसवलेला असतो. टोकाला झिर्कोनिया सिरॅमिकची पोकळ टोपी असते. तिच्या आत बाहेरची हवा आणि बाहेरून इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की तिथे व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त आणि मिश्रण रिच, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण लीन, तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण. त्या बिंदूला व्होल्टेज एकदम खालून वर किंवा वरून खाली उडी मारतं आणि त्या उडीचा मध्य ०.४५ व्होल्टच्या आसपास धरतात.

म्हणजे हा सेन्सर मिश्रण किती बिघडलं ते सांगत नाही, फक्त कोणत्या बाजूला झुकलं ते सांगतो. ईसीयू त्यावरून पेट्रोल किंचित वाढवतो, सेन्सर "रिच" म्हणतो, मग ईसीयू कमी करतो, सेन्सर "लीन" म्हणतो. ही ये-जा सतत चालू असते. चांगल्या सेन्सरचं रीडिंग स्थिर नसतं, ते नाचत असतं. स्थिर रीडिंग हीच संशयाची पहिली खूण. (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतरचा दुसरा सेन्सर याला अपवाद आहे. तिथे ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत रीडिंग चांगलं, आणि तो पुढच्या सेन्सरसारखा नाचू लागला तर कन्व्हर्टर संपत आला आहे असं समजावं.)

दुसरी गोष्ट तापमानाची. सिरॅमिक ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय सेन्सर बोलत नाही. म्हणून तीन किंवा चार वायरच्या सेन्सरात हीटर असतो. एक-दोन वायरच्या जुन्या सेन्सरात तो नसतो, आणि असा सेन्सर सिंहगड रोडच्या किंवा विद्यापीठ चौकाच्या गर्दीत आयडलिंगवर उभं राहता राहता थंड पडून गप्प होऊ शकतो. त्यात त्याचा दोष नाही. इंजिन २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं ठेवून पुन्हा बघा.

मीटर लावण्याआधी

सेन्सरच्या आधी चार ठिकाणं तपासायची. नव्या सेन्सरवर वाया जाणारे बरेचसे पैसे इथेच वाचतात.

पहिलं, मॅनिफोल्डची पॅकिंग. धूर पाइपातून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये तिथे क्षणभर ओढ तयार होते आणि पॅकिंगला फट असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. शेवटी प्लग काळे, ॲव्हरेज कमी, आणि स्कॅनरवर मात्र लीनचा कोड. ही विसंगती दिसली तर आधी फट शोधा. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटभरात "टिक-टिक" असा आवाज येतो, धातू तापून पसरला की तो कमी होतो. सांध्यापाशी काजळीचा काळा पट्टा दिसला तर शंका उरत नाही.

दुसरं, मिसिंग. एक प्लग नीट पेटत नसेल तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता जातं, पण त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही जातो. सेन्सरला ऑक्सिजन तेवढा कळतो, न जळलेलं पेट्रोल कळत नाही. म्हणून इथेही तो "लीन" सांगतो. प्लग, हाय टेन्शन वायर किंवा कॉइल यांचा निकाल लावल्याशिवाय सेन्सरवर बोलण्यात अर्थ नाही.

तिसरं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि ती अतिशय वाईट आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या अशा गाडीचं कूलंट नेहमीच्या तापमानाला पोचतच नाही. ईसीयू "इंजिन थंड आहे" असं समजून सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि जास्त पेट्रोल टाकत राहतो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान ८० अंशांच्या वर जातं का आणि तिथे टिकतं का, ते बघा. जात नसेल तर आधी थर्मोस्टॅट, मग बाकीचं.

चौथं, सीएनजी किट. बाहेर बसवलेल्या अनेक किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर मध्ये तोडून एम्युलेटर जोडलेला असतो. गाडी गॅसवर असताना तो ईसीयूला खोटा, बनवलेला सिग्नल देतो, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या हिशेबात गोंधळत नाही. या डबीचा किंवा तिच्या जोडाचा बिघाड सेन्सरच्या नावावर खपतो. सेन्सरपासून निघालेली वायर हाताने धरून मागे मागे जा. कुठे इन्सुलेशन टेपचा जोड दिसला तर तो उघडून बघा. सगळी तपासणी पेट्रोलवरच करा.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायर आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) साचलेला हिरवट गंज, हेही याच फेरीत दिसून येतात.

स्कॅनरवर काय बघायचं

आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने आपले दोष ठरावीक कोडमध्ये सांगायची पद्धत) एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झालं. त्यानंतरच्या गाडीत साधा ईएलएम ३२७ ब्लूटूथ डोंगल (मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर) चालायला हवा. त्याआधीच्या गाडीत डॅशबोर्डखाली तसाच १६ पिनांचा सॉकेट असला तरी गाडी कंपनीच्या खास भाषेतच बोलते असं अनेकदा होतं. अशा गाडीला गॅरेजमधला मोठा स्कॅनर लावा, किंवा थेट मल्टिमीटरकडे वळा.

कोड असे वाचा. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. या एका कोडवर सेन्सरवरच पहिला संशय घ्यायला हरकत नाही, मात्र फ्यूज बघून. पी ०१३४ म्हणजे सेन्सर बोलतच नाही, पी ०१३३ म्हणजे हळू बोलतो. पी ०१३१ म्हणजे व्होल्टेज कायम कमी, पी ०१३२ म्हणजे कायम जास्त. या शेवटच्या दोघांवर लगेच विश्वास टाकू नका. पी ०१७१ आणि पी ०१७२ हे अनुक्रमे लीन आणि रिच मिश्रणाचे कोड आहेत. ते एकटे आले असतील तर सेन्सर बहुधा आपलं काम बरोबर करतो आहे.

लाइव्ह डेटात बँक १ सेन्सर १ चं, म्हणजे पुढच्या सेन्सरचं, व्होल्टेज आणि दोन फ्यूल ट्रिम बघा. ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ (अधिक) किंवा घट (उणे): शॉर्ट टर्म तात्पुरती, लाँग टर्म लक्षात ठेवलेली. इंजिन गरम, २५०० आरपीएम. व्होल्टेज ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर, असं दहा सेकंदांत निदान आठ-दहा वेळा तरी फिरायला हवं. स्वस्त डोंगलवर एकाच वेळी सहा गोष्टी लावल्या तर आकडा सेकंदातून एखाद्याच वेळी बदलतो आणि धडधाकट सेन्सर आळशी वाटतो. म्हणून स्क्रीनवर फक्त सेन्सरचं व्होल्टेज ठेवा, बाकी सगळं काढा.

लाँग टर्म ट्रिम उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. इथे इथेनॉलचा हिशेब धरायला हवा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं आदर्श प्रमाण साधारण १३.५ ला येतं. जुनी गाडी शुद्ध किंवा ५-१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुळवलेली असते, म्हणून ई-२० वर तिची ट्रिम काही टक्के अधिककडे सरकणारच. अधिक ६ किंवा ७ दिसलं म्हणून सेन्सर किंवा इंजेक्टरवर ठपका ठेवू नका. अधिक १५-२० दिसलं तर मात्र हवा कुठून तरी चोरून आत येते आहे, पेट्रोलचा दाब कमी आहे किंवा सेन्सर खोटं बोलतो आहे.

हीटरची तपासणी

जुन्या सेन्सरचा सिरॅमिक मरण्याआधी बऱ्याचदा त्याचा हीटर जातो, म्हणून मीटरचं काम इथून सुरू करा. इंजिन पूर्ण थंड, चावी बंद. सेन्सरचा कपलर सोडवा. चार वायरपैकी दोन एकाच रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. बॉशच्या सेन्सरात हीटर पांढऱ्या दोन, सिग्नल काळी, अर्थ (अर्थिंगची वायर) राखाडी. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरांत हीटर काळ्या दोन, सिग्नल निळी, अर्थ पांढरी. म्हणजे काळी वायर एका कंपनीत सिग्नलची आणि दुसरीत हीटरची, आणि पांढरीचंही तसंच. कपलरच्या गाडीकडच्या बाजूचे रंग आणखी वेगळे, त्यावरून काहीही ठरवू नका.

मीटर ओहमवर, दोन टोकं हीटरच्या दोन वायरवर. थंड सेन्सरात साधारण ४ ते १६ ओहम यायला हवेत. अनंत दाखवलं तर हीटर तुटला, सेन्सर बदलायचा. शून्याजवळ आलं तर आत शॉर्ट आहे आणि त्यानेच फ्यूज उडाला असणार. हीटरची प्रत्येक वायर आणि सेन्सरचं धातूचं अंग यांच्यातही मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. ओहमचं माप फक्त हीटरवर घ्यायचं. सिग्नलच्या वायरवर ओहममीटर लावलात तर मीटरचा करंट सिरॅमिकमध्ये जातो आणि चांगला सेन्सर बिघडू शकतो.

हीटर बरोबर असेल तर गाडीकडची बाजू. कपलरच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये १२ व्होल्ट ५ वॉटचा पार्किंग बल्ब जोडा आणि इंजिन चालू करा. बल्ब लागला, किंवा लुकलुकत लागला, तर पुरवठा ठीक. इथे नुसता मल्टिमीटर फसवतो. गंजलेल्या पिनेवरही तो बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही, पण त्याच पिनेतून हीटरला लागणारा अँपिअर-दीड अँपिअर जात नाही. बल्ब लागला नाही तर फ्यूज, मेन रिले आणि मग ईसीयूकडून येणारा अर्थ, या क्रमाने शोधा.

सिग्नलची तपासणी

कपलर परत जोडा. मीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टची रेंज. मीटर डिजिटलच हवा, आत १० मेगाओहमचा. काट्याचा जुना मीटर सेन्सरचा सिग्नलच खाऊन टाकतो. कमाल-किमान पकडणारं बटण असेल तर उत्तम. असा मीटर तपकीर गल्लीत सहज मिळतो. टाचणी कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने पिनेपर्यंत सरकवा. वायरच्या मध्यात भोसकू नका, पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज आत शिरतो.

लाल टोक सिग्नलला, काळं सेन्सरच्या अर्थला. गाडी उघड्यावर उभी करा. बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम अजिबात करू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन १०-१५ मिनिटं चालवून गरम करा, मग २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरून आकडे बघा.

आकडा ०.१ ते ०.९ मध्ये पळत असेल तर सेन्सर, हीटर आणि वायर तिन्ही जिवंत आहेत. कोड का आला त्याचं उत्तर दुसरीकडे शोधा.

आकडा ०.४५ लाच खिळून असेल तर बहुधा तुम्ही सेन्सर नाही, ईसीयूचं स्वतःचं व्होल्टेज वाचता आहात. अनेक गाड्यांत ईसीयू त्या वायरवर एवढं व्होल्टेज ठेवूनच देतो, म्हणजे सेन्सर थंड आहे, मेला आहे किंवा वायर तुटली आहे. काही जपानी ईसीयू हे व्होल्टेज देत नाहीत, तिथे अशा वेळी शून्य दिसतं.

आकडा १.१ व्होल्टच्या वर गेला तर झिर्कोनियातून एवढं निघत नाही. हीटरची वायर सिग्नलच्या वायरला कुठेतरी चिकटली आहे, किंवा कपलरमध्ये पाणी आहे.

आकडा कायम कमी किंवा कायम जास्त असेल तर सेन्सरलाच प्रश्न विचारायचा. आयडलिंगवरून ॲक्सिलरेटर एकदम दाबा आणि सोडा. दाबताक्षणी मिश्रण रिच होतं, आकडा ०.८ च्या वर जायला हवा. सोडल्यावर ईसीयू इंजेक्टर क्षणभर बंद करतो, तेव्हा आकडा ०.१ च्या जवळ किंवा शून्यावर यायला हवा. दोन्ही झालं तर सेन्सर ठणठणीत आहे आणि आधी तो जे सांगत होता ते खरं होतं. तुमची गाडी खरोखर लीन किंवा रिच चालते आहे. लीन असेल तर व्हॅक्यूमचे पाइप, इंटेकची पॅकिंग, फ्यूल फिल्टर, पंपाचा दाब. रिच असेल तर गळका इंजेक्टर, जास्त दाब, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), चोंदलेला एअर फिल्टर, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर.

वर जातो पण खाली येत नाही असं वाटलं तर कॅनिस्टर पर्जचा बारीक पाइप इंटेकवरून सोडवा. हवा थेट आत जाईल, आयडलिंग थोडं चढेल किंवा अडखळेल, आणि आकडा लगेच ०.२ च्या खाली पडला पाहिजे. पाइप लावला की परत वर. डोळ्यांना जाणवेल असा सेकंदभराचा उशीर होत असेल तर सेन्सर म्हातारा झाला आहे. चांगला सेन्सर ही उडी सेकंदाच्या दहाव्या भागात घेतो. मल्टिमीटर एवढं बारीक दाखवू शकत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो, पण सेकंदभर रेंगाळणारा सेन्सर पकडायला मीटर पुरेसा आहे. रिच करून बघण्यासाठी काहीजण इंटेकमध्ये कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी ते नको, ॲक्सिलरेटरचा झटका पुरतो.

अजून शंका असेल तर वायर तपासा. चावी चालू, इंजिन बंद, कपलर सोडवलेला. गाडीकडची सिग्नलची पिन बारीक वायरने सेन्सर-अर्थच्या पिनेला जोडा. स्कॅनरवर शून्य व्होल्ट दिसायला हवं. सोडल्यावर परत ०.४५ आलं तर ईसीयूपर्यंतची वायर शाबूत आहे. जुन्या गाड्यांत बॉडी अर्थही बिघडतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी काढून घासून घट्ट करा. ज्या सेन्सरचं सगळं बोलणं एका व्होल्टच्या आत चालतं, त्याला एवढा फरकही गोंधळात टाकतो.

पीयूसीचा उपयोग

पीयूसी केंद्रातलं यंत्र म्हणजे सेन्सरशी संबंध नसलेला स्वतंत्र साक्षीदार. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, तर बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ ला चढ्या आरपीएमवर मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (प्रत्यक्ष हवेचं आदर्श हवेशी गुणोत्तर) ०.९७ ते १.०३ हवा. गाडी १०-१५ किलोमीटर चालवून, गरम करून न्या आणि आकडे लिहून घ्या.

सेन्सर "लीन" सांगतो, ट्रिम अधिक २० आहे आणि पीयूसीवर मोनॉक्साइड २ टक्के आलं, म्हणजे मिश्रण प्रत्यक्षात रिच निघालं, तर सेन्सर खोटं बोलतो आहे किंवा त्याच्याआधी पॅकिंगला फट आहे. सेन्सर "लीन" सांगतो आणि मोनॉक्साइडही अगदी कमी, पण हायड्रोकार्बन खूप जास्त, तर मिसिंग शोधा. सेन्सर "रिच" आणि मोनॉक्साइडही जास्त, तर सेन्सर खरा आहे. एका प्रमाणपत्राच्या पैशात एवढी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

काढणं आणि निरखणं

इंजिन कोमट असताना काढा. पूर्ण थंड असेल तर आटे घट्ट पकडतात, फार गरम असेल तर हात भाजतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. २२ चा पाना लागतो, त्यातही वायर जाण्यासाठी खाच असलेला सॉकेट. साध्या फिक्स पान्याने कडा गोल होतात.

टोकाचा रंग बरंच सांगतो. फिकट राखाडी किंवा बदामी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण रिच होतं. तेलकट तपकिरी-काळा थर असेल तर इंजिन ऑइल जाळतं आहे. पांढरी पूड असेल तर बहुधा सिलिकॉन, म्हणजे कुणीतरी सेन्सरला न चालणारी सिलिकॉन पेस्ट पॅकिंगला फासली आहे. पांढरट-हिरवट दाणे असतील तर कूलंट ज्वलनकक्षात शिरतो आहे, हेड गॅस्केट बघा. शेवटच्या तीन कारणांपैकी एक असेल तर ते दुरुस्त केल्याशिवाय नवा सेन्सर लावू नका, तोही तसाच मरेल. टोक पेट्रोलने धुणं, वायर ब्रशने घासणं, गॅसवर भाजणं यातून टिकाऊ असं काही साधत नाही.

हीटर नसलेला सेन्सर साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर आणि हीटरवाला एक ते दीड लाख चालतो. दीड लाखाच्या पुढे गेलेला आणि वरच्या चाचण्यांत रेंगाळणारा सेन्सर बदलायला मागेपुढे पाहू नये. सुस्त सेन्सरने कन्व्हर्टर खराब झाला तर खर्च कितीतरी मोठा येतो.

नवा घेताना आणि बसवताना

नाना पेठेत सेन्सर सहज मिळतो, पण जुना सेन्सर हातात घेऊन जा. बॉश, डेन्सो किंवा एनटीकेचा, तुमच्या पार्ट नंबरला चालणारा, मूळ कपलरसकट घ्या. भंगारातल्या गाडीचा काढलेला सेन्सर घेऊ नका. युनिव्हर्सल सेन्सर घ्यावाच लागला तर वायर सोल्डर करू नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत घेतात आणि सोल्डरने ती वाट बुजते. त्याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही. दाबून बसणारे जोड आणि उष्णतेने आकसणारी नळी वापरा, चारही जोड एकाच जागी न आणता मागेपुढे ठेवा.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावलेलंच असतं. नसेल तर सेन्सरसाठीचंच, आट्यांवर, अगदी थोडं लावा. टोकाला त्याचा स्पर्शही नको. आधी हाताने आटे पकडवा, मग साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. सेन्सर फरशीवर पडला तर आतला सिरॅमिक तडकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून पडलेला सेन्सर लावू नका. वायर मूळच्या क्लिपमध्येच अडकवा, पाइपाला टेकली तर वितळेल.

मग कोड पुसा. स्कॅनर नसेल तर बॅटरीचं निगेटिव्ह १५ मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बहुतेक जुन्या गाड्यांत ईसीयूने लक्षात ठेवलेली ट्रिमही जाते. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून घ्या. पहिला दिवस आयडलिंग किंचित वेगळं वाटेल. शहरातल्या थांबत-चालत फेऱ्यांनी ईसीयूची स्वतःची तपासणी पूर्ण होत नाही. एकदा बायपासवर २०-३० मिनिटं एकसारख्या वेगाने चालवा, कात्रजच्या चढावर नेऊन उतारावर गिअरमध्येच पाय सोडून या. त्यानंतर २५०० आरपीएमवर व्होल्टेज आणि ट्रिम पुन्हा बघा. व्होल्टेज नाचतं आहे आणि ट्रिम दहाच्या आत आली आहे, तर काम झालं. व्होल्टेज नाचतं आहे पण ट्रिम अजून अधिक २० वर अडली असेल, तर इंटेकच्या पाइपांपासून परत सुरुवात करा आणि जुना सेन्सर टाकून देऊ नका, तो बहुधा चांगलाच होता.